वैयाकरण आणि कुंभार

महाभाष्याच्या पहिल्या आह्निकात पतंजलीने वैयाकरणाच्या अधिकाराची मर्यादा एका घरगुती दृष्टांताने दाखवून दिली आहे. घागरीची गरज पडली तर माणूस कुंभाराचे घर गाठतो. बोलण्याची गरज पडली म्हणून मात्र कोणी वैयाकरणाच्या दारी शब्द घडवून मागायला जात नाही, असा त्याचा आशय आहे. शब्द लोकांच्या तोंडी आधीपासूनच असतात. वैयाकरण ते निर्माण करीत नाही. त्यांची घडण कशी आहे एवढेच सांगतो. घडवणारा आणि घडण सांगणारा यांच्यातला हा भेद भाषेपुरता कोणालाही मान्य व्हावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो एका अनपेक्षित क्षेत्रात नव्याने उपस्थित झाला. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर वाढवलेल्या वनस्पतींचे.

१९६८ साली अरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरीत जन्मलेल्या, पुढे हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठात अध्यापन केलेल्या जीवशास्त्रज्ञाने वनस्पतीच्या वाढीसाठी एक लेखनपद्धती सुचवली. पेशींची एकेरी माळ असलेले शैवाल वाढत जाते तेव्हा त्याच्या पेशींचा क्रम कसा ठरतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे सर्वांत साधे रूप कागदावर कोणालाही मांडता येते. विभाजनाला तयार झालेली पेशी म्हणजे ‘क’ आणि अजून कोवळी असलेली पेशी म्हणजे ‘ख’ असे मानावे. नियम दोनच. जिथे ‘क’ असेल तिथे ‘कख’ लिहावे. जिथे ‘ख’ असेल तिथे ‘क’ लिहावे. एका ‘क’पासून आरंभ केला तर पुढच्या ओळी अशा येतात: कख, कखक, कखककख, कखककखकखक. ओळींतील अक्षरे मोजली तर १, २, ३, ५, ८ अशी संख्यांची ती परिचित मालिका उभी राहते, जिच्यात प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज असते. या दोन नियमांत ती मालिका कोणी लिहून ठेवलेली नव्हती. ती वाढीतून आली.

या पद्धतीतील मर्माची गोष्ट अशी की, ओळीतील सर्व अक्षरे एकाच वेळी बदलतात. चॉम्स्की यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या व्याकरणांत एका वेळी एका जागी एक नियम लागतो, कारण ती वाक्यासाठी रचलेली आहेत. झाडाची पेशी मात्र शेजारणीचे विभाजन पुरे होण्याची वाट पाहत थांबत नाही. लिंडेनमायर यांनी व्याकरणाला हा एकच धडा वनस्पतीकडून शिकवला आणि त्यामुळे ते व्याकरण जीवशास्त्राचे झाले. मोजक्या सूत्रांतून अमर्याद रूपे सिद्ध करण्याची ही रीत भारतीय वाचकाला परकी वाटू नये. जवळजवळ चार हजार सूत्रांत एका भाषेची घडण बसवणारा पाणिनी संगणकशास्त्रज्ञांनाही ठाऊक झालेला होता. संगणकाच्या भाषांचे नियम लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना १९६७ साली एका अमेरिकन संगणक-नियतकालिकात छापूनही आली होती. सूचना रूढ झाली नाही, हा भाग वेगळा.

अक्षरांच्या ओळीचे चित्र होण्यासाठी आणखी एक युक्ती लागली. कागदावर चालणारे एक कासव कल्पावे. काही अक्षरांना ते पुढे सरकते व मागे रेघ सोडते. काही चिन्हांना डावीकडे वा उजवीकडे वळते. पण झाडाला फांद्या असतात आणि कासव तर एकच. यावर उपाय म्हणून कंस वापरला. उघडणारा कंस आला की कासवाने आपली जागा व दिशा लक्षात ठेवायची, फांदीच्या टोकापर्यंत जायचे, आणि मिटणारा कंस येताच जिथून निघाले तिथे परत यायचे. व्याकरणात अवांतर मजकुरासाठी असलेला कंस इथे फांदी झाला, आणि कंसातला कंस म्हणजे डहाळी. चिन्हाचा इतका सुंदर पुनर्वापर क्वचितच झाला असेल. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या परिसरात गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली दारापुढच्या कोलमची व्याकरणे मांडली होती. कासवाच्या या रीतीने पुढे ती कोलमेही संगणकावर काढली गेली. तमिळ घरातील बाई पहाटे पिठाची रेघ ओढताना जे करते, त्यात आणि झाड फांदी फोडताना जे करते त्यात नियमाच्या पातळीवर काही साम्य असावे, ही कल्पना शास्त्राइतकीच काव्यालाही जवळची आहे.

प्रशेमिस्लाव प्रुसिंकिएविच यांनी लिंडेनमायर यांच्यासह लिहिलेला ‘दि अल्गोरिदमिक ब्यूटी ऑफ प्लांट्स’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. लिंडेनमायर त्याआधीच्या वर्षी निवर्तले होते. या ग्रंथातील चित्रे पाहणारा क्षणभर फसतो. फुलोरे, नेचे, सूर्यफुले, सारे नियमांतून उगवलेले. एकाही वनस्पतीने त्यासाठी माती पाहिलेली नाही. इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. एखादी वस्तू हुबेहूब करता आली म्हणजे ती कळली असे म्हणावे काय?

या प्रश्नाचा एक पूर्वावतार आहे. शाकुंतलाच्या प्रशंसेमुळे भारतीय वाचकाच्या परिचयाचा झालेला गटे १७८७ साली इटलीत हिंडत होता. पालेर्मोच्या सार्वजनिक उद्यानात, नाना तऱ्हेच्या झाडांमध्ये, त्याला आदिवनस्पतीचा ध्यास लागला: सर्व वनस्पती जिच्यावरून बेतल्या गेल्या असतील अशी एक मूळ वनस्पती. थोड्याच दिवसांनी हेर्डरला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की, हा नमुना आणि त्याची किल्ली हाती आली तर वाटेल तितक्या नव्या वनस्पती कल्पिता येतील. त्या अस्तित्वात नसल्या तरी असू शकतील, कारण त्यांच्यात आंतरिक सत्यता असेल. दोनशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर जे उगवले, त्याचे इतके नेमके भाकीत दुसऱ्या कोणी केले नसेल. पण १७९४ साली येना येथे गटेने आपली कल्पना शिलरला चित्र काढून समजावली, तेव्हा शिलरने मान हलवली. हा अनुभव नव्हे, ही कल्पना आहे, असे त्याचे म्हणणे पडले. गटे दुखावला. आपल्याला नकळत कल्पना सुचतात आणि त्या डोळ्यांना दिसतातही, हे ऐकून आनंद झाला, अशा आशयाचे उपरोधिक उत्तर त्याने दिले. दोघांची मैत्री त्या दिवसापासून जमली हे खरे. वाद मात्र मिटला नाही आणि तो अजूनही मिटलेला नाही.

सूर्यफुलाचे उदाहरण घेतले तर वादाचे स्वरूप स्पष्ट होते. सूर्यफुलाच्या तबकात बिया दोन दिशांनी वळणाऱ्या मळसूत्रांत बसलेल्या असतात. मोजल्यास एका दिशेला बहुधा ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५, किंवा ५५ आणि ८९. म्हणजे शैवालाच्या खेळातलीच मालिका. १९७९ साली हेल्मुट फोगेल यांनी यासाठी एक सूत्र दिले: प्रत्येक नवी बी मागच्या बीपासून सुमारे १३७.५ अंशांनी वळवावी आणि केंद्रापासूनचे तिचे अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवावे. तबक हुबेहूब उभे राहते. पण १३७.५ हा कोन झाडाला कोणी सांगितला, हे सूत्र सांगत नाही. १९९२ साली स्टेफान दुआदी आणि इव्ह कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या बशीत चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक मध्यभागी सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटीत कडेकडे सरकले आणि त्यांच्या ओळखीच्या मळसूत्रांत बसले. त्या बशीत जीव नावाची वस्तू नव्हती. केवळ दूर लोटणे होते. नंतर २००६ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपाच्या वर्धनशील अग्राची संगणक-प्रतिमाने मांडली. तिथे प्रत्येक पेशी ऑक्सिन हे वाढीचे द्रव्य, ज्या शेजारणीकडे ते आधीच अधिक आहे तिच्याकडे ढकलते. श्रीमंताकडेच धन जावे तसा हा व्यवहार. त्यामुळे एका ठिकाणी ऑक्सिन साचते, भोवताली त्याचा दुष्काळ पडतो, साचलेल्या जागी पानाचा अंकुर फुटतो आणि पुढचा अंकुर त्या दुष्काळाच्या बाहेर जागा शोधतो. पुन्हा तेच मळसूत्र.

भूमितीचे एक, भौतिकीचे एक, पेशीच्या रसायनाचे एक: तीन प्रतिमाने आणि रूप एकच. यांतले खरे कोणते? रासायनिक स्पष्टीकरण सर्वांत खोल म्हणून तेच खरे, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि ते उत्तर घाईचे आहे. भूमितीने हा कोन दाटीवाटीने भरणीसाठी उत्तम का हे सांगितले. बशीतल्या थेंबांनी या रूपासाठी जीवाची मुळी गरजच नाही, हे दाखवले. ऑक्सिनने, दूर लोटण्याचे काम या विशिष्ट वनस्पतीत कोण करते ते सांगितले. हे तीन वेगवेगळ्या प्रश्नांना दिलेले तीन प्रामाणिक जबाब आहेत. लबाडी सुरू होते ती एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे म्हणून खपवले जाते तेव्हा. रूप जुळले एवढ्यावरून झाडही याच नियमाने चालते असा निष्कर्ष काढणारा, साक्षीदाराचा चेहरा ओळखीचा वाटला म्हणून त्याची साक्ष खरी मानणाऱ्या न्यायाधीशासारखा होय.

पेशीपासून रानापर्यंत सर्व काही एकाच प्रतिमानात घालावे, म्हणजे प्रश्नच उरणार नाही, असे कोणी म्हणेल. ते शक्य नाही. शक्य झाले तरी उपयोगाचे नाही. एका पानात लक्षावधी पेशी, एका जुन्या वृक्षावर लाखोंनी पाने. सगळे जसेच्या तसे मांडायचे तर प्रतिमान झाडाएवढेच होईल आणि झाडाइतकेच दुर्बोध राहील. म्हणून प्रत्येक पातळीला खालच्या पातळीचा विसर पाडून घ्यावा लागतो. पानाचा अभ्यासक झाड बाजूला ठेवतो. झाडाचा अभ्यासक पानाला एक सपाट हिरवा तुकडा मानतो, ज्यावर ऊन पडते. १९७२ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या अरण्यासाठी डॅनियल बॉटकिन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रतिमानात तर वृक्ष म्हणजे जात, खोडाची जाडी आणि त्यांवरून काढलेली उंची व सावली एवढेच उरले. तरीही कोणती झाडे कोणाच्या सावलीत मरतील आणि मोठा वृक्ष कोसळल्यावर मोकळ्या झालेल्या उजेडात कोण वर येईल, हे त्याला बऱ्यापैकी सांगता आले. १९९८ साली क्रिस्तोफ गोदँ आणि इव्ह काराग्लिओ यांनी एकाच झाडाचे पेर, फांदी आणि संपूर्ण वृक्ष अशा अनेक पातळ्यांवर एकत्र लेखन करण्याची पद्धत दिली. तीतही कोणत्या पातळ्या नोंदायच्या हे नोंदणाऱ्यालाच ठरवावे लागते. विसरणे टळत नाही. फक्त काय विसरले याची नोंद ठेवता येते.

विसरण्याच्या या अपरिहार्यतेसमोर जगदीशचंद्र बोस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या क्रेस्कोग्राफने रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवली. काजळी धरलेल्या काचेवर वनस्पतीने स्वतःच्या हाताने ओरखडे काढावेत आणि मनुष्याने केवळ ते वाचावेत, अशी त्यांच्या उपकरणांमागची धारणा होती. वनस्पतीच्या संवेदनेविषयी त्यांनी काढलेले सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. परंतु लेखणी झाडाच्या हाती देण्याची त्यांची रीत आणि लेखणी स्वतःच्या हाती घेऊन झाडाचे व्याकरण लिहिण्याची लिंडेनमायर यांची रीत, या दोन्हींचे परस्परांवाचून चालत नाही. मोजमापाशिवायचे प्रतिमान म्हणजे सुरेख चित्र. आणि नियमाशिवायचे मोजमाप म्हणजे वह्यांचा ढीग.

चांगल्या व्याकरणाची खूण काय? काय बोलता येते हे तर ते सांगतेच. पण काय बोलले जाणार नाही, हेही सांगते. या कसोटीला उतरणारे एक प्रतिमान २००७ साली प्रुसिंकिएविच, एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांनी मांडले. फुलोऱ्याची रूपे कागदावर असंख्य कल्पिता येतात, निसर्गात मात्र ती मुख्यतः तीन प्रकारांत मोडतात: आंब्याच्या मोहोरासारखा शाखाशाखांनी पसरलेला, मोहरीसारखा एका दांड्यावर क्रमाने फुलत जाणारा, आणि टोमॅटोसारखा, ज्यात टोक फुलून थांबते आणि वाढ बाजूच्या अंकुराकडे जाते. वर्धनशील अग्राचे फूल होणे लांबवणारी एकच राशी कल्पून, ती मुख्य अग्रात व बाजूच्या अग्रांत काळानुसार कशी ओसरते एवढ्यावर या संशोधकांनी तिन्ही रूपे मिळवली. आणि मधली रूपे का दिसत नाहीत हेही त्यातून निघाले. असे निषेधाचे विधान करणारे प्रतिमान स्वतःला खोटे ठरवण्याची संधी देते. एखाद्या रानात निषिद्ध रूपाचा फुलोरा सापडला तर नियम पडेल. वैयाकरणाची नीती हीच. लोकांच्या बोलण्याने सूत्र मोडले तर दोष सूत्राचा, लोकांचा नव्हे.

कुंभाराची नीती याहून निराळी असते, आणि वनस्पतींचे प्रतिमानकार फार काळ केवळ वैयाकरण राहिले नाहीत. ज्या १९६८ साली लिंडेनमायर यांचे लेख आले, त्याच साली ऑस्ट्रेलियातील कृषिशास्त्रज्ञ कॉलिन डॉनल्ड यांनी पैदासकारांसमोर एक नवा शब्द ठेवला: आयडिओटाइप, म्हणजे कल्पनेतली वनस्पती. पैदासकाराने बरेवाईट पाहत चाचपडण्यापेक्षा आधी आदर्श रोपाचा आराखडा करावा आणि मग तसे रोप घडवावे, असा त्यांचा आग्रह होता. गव्हाचा त्यांचा आराखडा असा: खोड बुटके व मजबूत, फुटवे नाहीत, पाने थोडी, लहान व उभी, ओंबी मोठी आणि कुसळांची. येनाला शिलरने ज्या शब्दाने गटेला दुखावले होते, तोच शब्द इथे अभिमानाने शास्त्राच्या दारावर लागला. दोन वर्षांपूर्वी, १९६६ साली, फिलिपिन्समधून आलेल्या आयआर-८ या बुटक्या भाताने अशा विचाराला पीठिका तयार करून ठेवलेली होतीच.

डॉनल्ड यांच्या आराखड्यात एक विलक्षण विचार दडलेला आहे. शेतातले उत्तम रोप हे दुबळे स्पर्धक असले पाहिजे, असे ते म्हणतात. रानात झाड उंच वाढते ते शेजाऱ्याचे ऊन हिरावण्यासाठी. खोडावर होणारा हा सारा खर्च म्हणजे शस्त्रास्त्रांवरचा खर्च. सर्वांनीच शस्त्रे खाली ठेवली तर तेच अन्न दाण्यात जाईल आणि एकेका रोपाचे नव्हे, अवघ्या शेताचे उत्पन्न वाढेल. संगणकावर शेकडो रोपे शेजारी शेजारी लावून हे तपासताही येते. माणसांच्या समाजाविषयी कोणी असे म्हटले असते तर त्याला स्वप्नाळू ठरवण्यात आले असते; गव्हाच्या बाबतीत ते निम्मेअधिक घडून आले आहे. पण या सज्जन रोपाला रानात एक हंगामही काढता येणार नाही. तणाने ते झाकोळून जाईल. त्याची सज्जनता शेतकऱ्याच्या खुरप्यावर उभी आहे. याचा अर्थ असा की, आदर्श रोपाचा आराखडा करणारा नकळत शेतकऱ्याच्या श्रमांचा, त्याच्या घराचा आणि गोठ्याचाही आराखडा करीत असतो. मग त्या घरातल्या किती गोष्टी त्याच्या आराखड्यात येतात?

ज्वारीने या प्रश्नाला एक धडा घालून दिला आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे भारतातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. ताट ठेंगणे, कणीस भरदार. खरिपात, पाणी असलेल्या ठिकाणी त्याने धान्याचे मोठे पीक दिले. एकूण वाढीपैकी धान्याचा वाटा किती, ही पैदासकाराची मोजपट्टी होती आणि तिच्यावर जुनी उंच ज्वारी हरत होती. परंतु सोलापूर, बीड, परभणी या भागांतली रब्बीची काळी जमीन या मोजपट्टीने मोजली जाईना. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, आणि त्या शेतकऱ्याला ताट हा वाया गेलेला खर्च वाटत नाही. तो कडबा आहे. कणसे मोडून घेतल्यावर ताटांच्या पेंढ्या बांधतात, त्यांची गंज रचतात, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत बैल, गाय, म्हैस तिच्यावर जगतात. २०१३ साली या भागात गुरांसाठी छावण्या उभाराव्या लागल्या, त्या वर्षी कडब्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागली नसेल. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्वातंत्र्यपूर्व काळात निवडीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण रब्बीच्या या पट्ट्यात नव्या वाणांच्या तोंडावर दशकानुदशके टिकून राहिले, त्याचे एक कारण त्याच्या उंच, चवदार ताटात होते. पैदासकाराच्या रकान्यात ते ताट भागाकाराचा छेद म्हणून येत होते; वाढले की गुण कमी.

इथे दोष संगणकाचा नव्हता, गणिताचाही नव्हता. प्रश्न विचारताना एक रकाना लिहायचा राहिला होता. याची खात्री पटते ती पुढच्या हकीकतीने. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेतील, इक्रिसॅटमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली रब्बी ज्वारीचे एक प्रतिमानाधारित अध्ययन प्रसिद्ध केले. सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या वाणाच्या, म्हणजे मालदांडीच्या, संगणकातील प्रतिरूपात त्यांनी एकेक गुणधर्म कल्पनेनेच घातला आणि निरनिराळ्या तीव्रतेच्या दुष्काळांत ते पीक वाढवून पाहिले. या वेळी रकाने दोन होते: दाणा आणि कडबा. पानांचा पसारा थोडा लहान केला तर कडक दुष्काळात दाणा वाढला, कारण फुलोऱ्यानंतरसाठी ओल शिल्लक राहिली. पण सौम्य दुष्काळाच्या वर्षांत त्याची किंमत कडब्याने मोजली. याउलट, हवा फार कोरडी झाली की पानांतून जाणारे पाणी आवरून धरण्याचा गुण सर्वांत लाभदायक ठरला, आणि मुळांची पाणी ओढण्याची शक्ती वाढवली तर आणखीच. कोणता गुण कोणत्या गावाला मानवेल हे तिथे कोणत्या तऱ्हेचा दुष्काळ किती वेळा पडतो यावर अवलंबून राहील, असाही त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे एकच आदर्श रोप असे काही नाही. कुंभाराने गिऱ्हाइकाला विचारले, पाणी आड-विहिरीचे की नदीचे, आणि घरात माणसे किती.

अर्थात दुसरा रकाना आला म्हणून हिशेब पुरा झाला, असे समजणे चूकच. गोठ्यातल्या जनावराला कोणता कडबा रुचतो याचा कस अर्धाच आकड्यात येतो. पीठ कसे मळले जाते, भाकरी थापताना चिरते की नाही, दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी मऊ राहते की नाही, दाण्याचा पांढरेपणा आणि गोडी, हुरड्याचे दिवस: यांपैकी काहीही त्या प्रतिमानात नाही. उद्या यांतले एखादे घालता येईल. तेव्हा आणखी काही बाहेर राहील. प्रतिमानकाराला याबद्दल दोषी धरण्यात अर्थ नाही, कारण बाहेर ठेवल्यावाचून त्याला एक ओळही लिहिता येणार नाही. त्याच्याकडून मागता येईल ते एवढेच की, काय बाहेर ठेवले हे त्याने आत काय घेतले याइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे, आणि ज्यांच्या घरी ती घागर जाणार त्यांना ते वाचता येईल अशा भाषेत लिहावे. आकडे छापले जातात. वगळलेल्या गोष्टींची यादी बहुधा टेबलाच्या खणात राहते.

पाटणचेरूला आता कुंड्यांच्या रांगांवरून लेसरकिरण फिरवून पानांचा पसारा मोजणारी यंत्रणा आहे. दिवसा किती पाणी गेले, रात्री किती वाढ झाली, हे बोसांच्या काजळीच्या काचेपेक्षा कितीतरी बारकाईने नोंदले जाते. रब्बीच्या गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी उपटली जाते, ताटे आडवी पडतात, बाया कणसे मोडू लागतात. मालदांडीचे बी घरचे चालते, दरवर्षी विकत आणावे लागत नाही. म्हणून मोडता मोडता एखादी जाणती बाई काही कणसे बाजूला टाकते. कणीस भरलेले असावे, दाणा टपोरा असावा, हे तर ती पाहतेच. पण हातातले कणीस ठेवण्याआधी ती ते ज्या ताटावरून मोडले त्याकडे, त्याच्या उंचीकडे आणि पानांकडेही एकदा नजर टाकते.